कुंपणापर्यंतची धाव

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न उघडताच फाडशील, याची मला खात्री होती. म्हणून काल आईने तुला फोन केला. तिला बरंच काही सांगायचं होतं, पण ‘ताईचं पत्र येतंय, फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच’ एवढंच ती बोलली आणि फोन माझ्या हातात कोंबला. माझा आवाज ऐकल्याबरोबर तू ठेवलास. ठीक आहे. बोलू नकोस, पण वाच. आठ वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस आणि आठ वर्षं मी भेटेल त्याला सांगत सुटले की आमचा बारक्या तुसडा निघाला, बहिणीचं चांगलं त्याला बघवत नाही, बायकोच्या ताटाखालचं मांजर झालाय. सोमवारी दुपारी कळलं की मांजरबिंजर कुणी नव्हतं. गाढव मात्र होतं, आणि ते मी होते. आज बुधवार.

पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण मला जे माहीत होतं ते उलटं होतं, हे तुला कळायला हवं. मी आठ वर्षांची असताना मावशीकडे शिकायला गेले ती सुट्टीपुरतीच घरी यायची. आले की आईने माझ्यासाठी गोष्टी साठवून ठेवलेल्या असायच्या, आणि त्यात सगळ्यात लाडकी गोष्ट तुझी. बारक्या पुन्हा पळून गेला! पिशवीत एक सदरा, एक चड्डी, कागदात बांधलेलं थोडं खाणं, आणि स्वारी निघाली. कुठपर्यंत? तर गल्लीच्या टोकाला लाकडाची वखार होती, तिच्या तारेच्या कुंपणापर्यंत. तिथे तार धरून घटकाभर उभा, की आला माघारी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आई म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो. सगळ्यात मोठ्याने बाबा हसायचे. ते तुला नक्कल करायला लावायचे, दाखव रे ताईला, कसा गेलास आणि कसा आलास. तू दारापर्यंत जायचास, चौकट धरून उभा राहायचास, वळून परत यायचास. मला हसून हसून उचकी लागायची. तू हसत होतास का, हे मी दोन दिवस आठवतेय. तुझा चेहरा काही केल्या आठवत नाही. तू आत आल्यावर धांदलीत फडताळाला धडकायचास आणि भांडी धडाधड खाली यायची, असं आई सांगायची, ते मात्र पाठ होतं. माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं मी. बाबांनीच दिलेली वही.

पुढे मालिका लिहायला मिळाली तेव्हा ती वही कामाला आली. रोज वीस मिनिटं लोकांना हसवायचं म्हणजे गंमत नाही रे. आमच्या लेखकांच्या खोलीत एक नियमच होता, की जाहिराती लागायच्या आधी प्रत्येक भागात एकदा तरी पाळीव विनोद हवा. पाळीव म्हणजे रोज तोच, ठरलेल्या वेळी येणारा, लोक ज्याची वाट बघतात तो. मी सरडोजी दिला. कचेरीत कारकून, रोज बायकोशी भांडून पिशवी भरतो, आता कायमचा चाललो म्हणतो, फाटकापर्यंत जातो, मान खालीवर हलवतो आणि परत फिरतो. घरात पाऊल टाकलं की भांडी कोसळतात, सासू म्हणते ‘सरड्याची धाव!’ आणि बघणारे म्हणतात ‘कुंपणापर्यंत!’ आमच्याकडे आवाजाचं काम बघायचे ते काका म्हणाले, पेटीतला तयार आवाज नको, खऱ्या घरातली खरी भांडी हवीत. मी म्हटलं, चला आमच्याच घरी! किती उत्साह मला. तू तेव्हा आईजवळच राहत होतास, तुझं नवं लग्न झालेलं.

तो दिवस आठव. नाही, आठवू नकोस, तुला कशाला सांगायला हवं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. ते गेल्यावर महिनाभरात आईने घरातली झाडून सगळी स्टीलची भांडी पोत्यात भरून माळ्यावर टाकली होती आणि प्लास्टिकची ताटं, प्लास्टिकच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे आणले होते. आपण तिची थट्टा करायचो. म्हणजे मी करायचे. म्हातारपणी आईला रंगीत खेळण्यांची हौस आली, असं मी म्हणायचे. तर त्या दिवशी पोतं खाली काढलं. काकांनी स्वयंपाकघरात यंत्र लावलं, मी दोनदा भांडी पाडून बघितली, जमेना. माझी नुसती पडल्यासारखी वाटत होती. मग आई उठली. एक ताट, त्यावर दोन वाट्या, मग ते पोचे पडलेलं मोठं पातेलं, आणि सगळ्यांच्या मागून, जरासं थांबून, एक झाकण. ते झाकण गोल गोल फिरत फिरत शांत झालं. एका फटक्यात! काकांनी टाळ्या वाजवल्या. आजी, तुम्ही तर आमच्या धंद्यातल्या निघालात, असं म्हणाले. मी आईचा मुका घेतला. आणि वळून बघते तर तू दारात उभा, चौकट धरून. मी तुला डोळा मारला रे. तीन आठवड्यांनी तू बिऱ्हाड हलवलंस, पाच तासांच्या अंतरावर जाऊन राहत्या घरातच घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलंस, आणि मी सगळा बोल तुझ्या बायकोला लावला. तिची माफी मी वेगळी मागणार आहे.

मग जे झालं ते जगाने बघितलं. दोन वर्षं, सहाशे बारा भाग. म्हणी म्हाताऱ्यांच्या तोंडीच मरत चालल्या होत्या म्हणे, मी एक जिवंत केली, असं एका सत्कारात बोलले होते लोक, आणि मी मान डोलवली होती, सरडोजीसारखीच, त्यावरही हशा. ट्रकच्या पाठीमागे ती म्हण आली. सदऱ्यांवर आली, चहाच्या कपांवर आली. शाळांच्या संमेलनात पोरं हिरवी शेपटी लावून फाटकापर्यंत जाऊन यायला लागली. एका पुढाऱ्याने राजीनामा देतो देतो म्हणून दिला नाही, तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दोनच शब्द, ‘सरड्याची धाव’. खेळाचं समालोचन करणारे, गडी अर्ध्यातून परत फिरला की ‘कुंपणापर्यंत’ म्हणायला लागले. माझ्या शेजारणीची नात मला विचारते, काकू, ही म्हण तुम्हीच बनवली ना? जुनी आहे गं, माझ्या पणजीच्याही आधीची, म्हटलं तर तिला पटेना. आणि त्या सगळ्याच्या पाठोपाठ तो आवाज. लोकांनी फोनच्या घंटीला लावला तो. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही, अचानक, ताट, दोन वाट्या, पातेलं, झाकण. मला गुदगुल्या व्हायच्या. एकदा तुझी बायको फोनवर म्हणाली होती की दुकानासमोर पोरांनी तो आवाज वाजवला आणि यांच्या हातातलं एवढंसं चक्र उडून हरवलं, दोन दिवस शोधत होते जमिनीवर. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, त्याला सांग, बहिणीकडून मानधन घे! देवा रे. हे लिहितानाही कानशिलं तापताहेत.

आता सोमवार. मालिकेवरून सिनेमा निघतोय, तुझ्या कानावर आलंच असेल. त्यासाठी आवाजवाले काका सगळे आवाज नव्याने घेताहेत. जुनं मुद्रण मोठ्या पडद्याला पुरत नाही म्हणाले. काका फार काटेकोर माणूस. त्यांनी फोन करून विचारलं, की बाई, पडद्यावर कितीदा पाहिलं तरी मला एक खटकतं, माणूस येतो आणि मग भांडी पडतात, पण त्या आवाजात धक्का लागल्याचा आवाजच नाही. ही भांडी धक्क्याने पडलेली नाहीत, कुणीतरी एकेक करून टाकलेली आहेत. मूळ प्रसंग काय होता, आधी माणूस की आधी भांडी? मला हसू आलं. आई माझ्यासमोरच मटार सोलत बसली होती. मी फोन तसाच धरून तिला विचारलं, आई, बारक्या आधी यायचा की भांडी आधी पडायची? आणि बारक्या, तिने मान वर केली नाही. एक शेंग सोलली, दाणे प्लास्टिकच्या वाटीत टाकले आणि म्हणाली, ‘आधी भांडी. भांडी पडली की तो यायचा.’

मी काकांना मागून फोन करते म्हणाले. मला काहीच कळलं नव्हतं, खरं सांगते, मला वाटलं आईचं वय झालं, ती गोंधळली. मी म्हटलं, अगं, त्याच्या धक्क्याने पडायची ना? तर ती सोलतच राहिली आणि सोलता सोलता बोलली, जसं काही भाजीचा भाव सांगतेय. तो पळून जायचाच नाही. मीच घालवायचे. तुझ्या बाबांच्या पावलांवरून कळायचं मला, आज काय आहे ते. की पिशवी भरून द्यायचे, जा म्हणायचे, मावशीकडे जा, ताईकडे जा. कुंपणापाशी थांब, कानोसा घे, भांड्यांचा आवाज नाही आला तर ते झोपले समज आणि परत ये. आवाज आला तर मागे बघू नकोस, नीट पुढे जा, मोठ्या रस्त्यावर मोटार मिळेल. आणि तो कार्टा नेमकं उलट करायचा. आवाज आला की यायचा. मला लागू नये म्हणून येऊन आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहायचा. एवढं बोलून तिने सालं गोळा केली आणि आत टाकायला गेली. मी तिथेच. फोन पुन्हा वाजत होता आणि तो कसा घ्यायचा हेसुद्धा मला सुचेना.

तू दहा वर्षांचा होतास, बारक्या! तुझ्या डाव्या हाताची ती वाकडी करंगळी. कुंपणावरून पडून मोडली म्हणाले होते मला. मी सरडोजीला चाळिसाव्या भागात कुंपणावरून पाडला आणि त्याचा हात गळ्यात अडकवला. आठवडाभर लोक हसत होते त्या हाताला. मालिकेच्या पहिल्या भागाआधी पाटी होती, माझ्या हट्टाने घातलेली, ‘ज्यांनी मला हसायला शिकवलं, त्या बाबांना.’ माझे बाबा तेच होते रे. मावशीकडे दर पंधरा दिवसांनी पत्र लिहिणारे, पत्रात माकडाचं चित्र काढणारे. दोन्ही माणसं एकच, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. सोमवारपासून मी त्यांची पत्रं दोनदा काढली आणि दोनदा ठेवून दिली. एका पत्राची तारीख बघितली, त्या तारखेला तुझा हात प्लास्टरमध्ये होता. पत्रात माकड झाडावरून पडलंय.

मग मी आईला विचारलं ते विचारायला नको होतं. मला एकटीलाच का मावशीकडे ठेवलं? शाळा चांगली होती म्हणून ना? तिने वाटीतले दाणे डब्यात ओतले. मग म्हणाली, मावशीच्या घरी एकाच खाटेची जागा होती. बस. एवढंच. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, मग हसत का होतीस, मला हसवत का होतीस, मी आख्ख्या जगासमोर मांडलं तेव्हा तोंडाला कुलूप होतं का? तर म्हणते, तू आनंदात होतीस, दोघांतलं एक तरी आनंदात आहे, हे बघून मला बरं वाटायचं. आणि सगळे हसायला लागले की मला वाटायचं, झालं असेल ते खरंच एवढंसंच असेल. मी तुझ्यावरही चिडले, मनातल्या मनात. एक शब्द बोलायचास की रे. मग आठवलं, तू बोलला होतास. बिऱ्हाड हलवलंस त्या दिवशी तू म्हणाला होतास, ताई, तो आवाज काढून टाक, बाकी काय हवं ते ठेव. मी म्हटलं होतं, आवाजावरच तर हशा आहे, वेड्या.

आपल्या अंगणात सरडे यायचे ते आठवतात? काल मी उगाच त्यांचाच विचार करत बसले. सरडा कुंपणाशी थांबतो ते दम संपला म्हणून नसेलही. वर चढतो, मान उचलतो आणि मागे बघत राहतो. म्हण करणाऱ्याने धाव मोजली आणि तो निघून गेला, मी तरी वेगळं काय केलं. मला क्षमा कर असं लिहिणार होते, पण तो शब्द मी सरडोजीच्या तोंडी इतक्यांदा घातलाय की आता माझ्याच कानाला खोटा वाटतो. मी चुकले. तुझं सगळ्यात मोठं धाडस मी भित्रेपणा म्हणून विकलं. हे आहे ते असं आहे.

आता ज्यासाठी हे पत्र घाईने लिहितेय ते. महिन्यापूर्वी एका साप्ताहिकाला मुलाखत देताना खरा सरडोजी कोण, असं त्यांनी विचारलं, आणि मी कौतुकाने तुझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, घड्याळांचं दुकान सांगितलं. सिनेमावाल्यांनी ते वाचलं. काल त्यांच्या जाहिरातवाल्या मुलीचा फोन आला, किती खूश होती ती. शुक्रवारी सकाळी दहा वाजता ते कॅमेरे घेऊन तुझ्या फाटकाशी येणार आहेत. तू कामात असताना मागून ताटं-पातेली टाकायची आणि तुझं दचकणं टिपायचं, अशी त्यांची गंमत आहे. मी नको म्हटलं, रडले, मग शिव्या घातल्या. करारावर माझी सही आहे, म्हण त्यांची, आवाज त्यांचा, रस्ता सगळ्यांचा, असं मला शांतपणे समजावलं गेलं. सिनेमातून मी आज सकाळी बाहेर पडले, ते तो दुसऱ्याकडून लिहून घेतील. पण शुक्रवार तसाच आहे. म्हणून हे पत्र आज रात्रीच्या गाडीच्या चालकाकडे देतेय, उद्या सकाळी तुझ्या हाती पडेल, आणि उद्याच्या गाडीने आई आणि मी निघतोय. आईने पिशवी भरली आहे, पहिल्यांदाच स्वतःची. शुक्रवारी उजाडल्यापासून आम्ही दोघी तुझ्या फाटकाला पाठ लावून उभ्या राहू. तू आम्हाला आत घ्यायची गरज नाही, चहा नको, बोलणं नको. कुणाचीही धाव त्या कुंपणाच्या आत येऊ द्यायची नाही, एवढं आम्ही ठरवलंय, आणि माझं तोंड किती चालतं ते तुला माहीत आहे. तू दाराला कडी लाव, तुझी घड्याळं घेऊन आतल्या खोलीत बस. आणि बारक्या, आवाज आला, कितीही मोठा आला, आईचा आला, माझा आला, तरी या वेळी तू बाहेर येऊ नकोस.

तुझीच,
उशिरा कान उघडलेली ताई